प्रमाण-द्रव
येल्गावा, लॅटव्हिया, १९३१

पाणी तीनदा ऊर्ध्वपातित करायचं.
तिसऱ्यांदा नुसत्या काचेतून, रबराचा स्पर्श नको.
फ्लास्क अम्लराजाने धुवायचे,
मग त्याच पाण्याने, मग पुन्हा त्याच पाण्याने,
आणि कुणी शिंकलं तर सगळं पहिल्यापासून.
हे मला डॉक्टर फ्रेइमानिसांनी शिकवलं.
शिंकेचं मी स्वतः शिकले.

साठ अंशांवर सोन्याचा क्षार, त्यामागून पोटॅश.
ऐंशीवर ऑक्झॅलिक.
नव्वदला ज्योत विझवायची
आणि फॉर्मलिन थेंबाथेंबाने, फ्लास्क हलवत,
हात थांबू न देता.
पाणी आधी काहीच कबूल करत नाही.
मग कडेला एक जांभळट शंका,
आणि ती सरली की तांबडं,
दलदलीतल्या क्रॅनबेरीचं, आरपार दिसणारं.
आमच्याकडे चांगलं सोनं पिवळं नसतं.

या महिन्यात सात फ्लास्क बिघडले.
दोन गढूळ, चार निळे.
सातवा इतका देखणा की मी हेर्टाला हाक मारून दाखवला;
मिठाच्या पाण्यात तासभर ठेवला तरी ढिम्म.
ज्याला कशानेच काही होत नाही
ते सोनं मोरीत ओतावं लागतं.

आणि रंग साधला म्हणजे काम झालं असंही नाही.
एका ओळखीच्या आजारासमोर त्याला उभं करायचं.
आमचा ओळखीचा आजार म्हणजे
चार नंबरच्या वॉर्डातला आल्फॉन्स स्ट्राउटमानिस.
पूर्वी लिएलुपे नदीवर लाकडाचे तराफे न्यायचा.
आता सायबेरियातल्या अकरा खाणी त्याच्या.
मला त्याने तेरा गाड्या सोनं कबूल केलेलं,
बर्फ वितळल्यावर, रस्ते मोकळे झाले की.
"मोजून घ्या, बाई," म्हणायचा,
आणि 'मोजून' म्हणताना जीभ घसरायची.
मलेरियाचा ताप देऊन पाहिला. ताप उतरला,
खाणी अकराच्या चौदा झाल्या.

त्याच्या कण्यातलं पाणी आम्ही कुप्यांत भरून
तळघरातल्या बर्फपेटीत ठेवायचो.
नव्या सोन्याला तोच कस लावायचा.
दहा नळ्या, दर नळीत तो निम्म्याने पातळ,
वरून सोनं,
आणि रात्रभर कुणी दिवा हलवायचा नाही.

सकाळी खिडकीशी धरून वाचायचं:
पहिल्या पाच नळ्या निव्वळ पाणी, तळाशी काळसर गाळ,
मग फिकट निळी, निळी, जांभळी,
नववी जराशी कलंडलेली,
दहावी तांबडी, जशीच्या तशी.
पाच पाच पाच पाच पाच चार तीन दोन एक शून्य.
आकडे असे उतरले की मला आनंद व्हायचा.
सोनं बरोबर आहे.
आनंद नेमका कशाचा झाला
हे कळायला जिन्यापर्यंत जावं लागायचं.

फेब्रुवारीत तो गेला.
बर्फपेटीत त्याच्या तीन कुप्या होत्या.
एक हेर्टाच्या हातून फुटली,
दोघी त्या ओल्या फरशीकडे बघत राहिलो,
कुणी पुसेना.
दुसरी मार्चमध्ये संपली.
डॉक्टर म्हणाले, वॉर्डात दुसरा बघून ठेवा.
यादी घेऊन मी गेले, पलंगांमधून फिरले,
एकाने मला राणीसाहेब म्हटलं,
एकाने बूट मागितले.
यादी कोरीच परत आणली, म्हटलं, उद्या.

काल शेवटची कुपी.
आज सकाळी आकडे तेच,
एकही ढळला नाही. तो मेलाय हे
सोन्याला कुणी सांगितलेलं नाही.

वहीत लिहिलं: सोने क्रमांक अठ्ठेचाळीस, वापरण्यास योग्य.

नदीवरचा बर्फ तडकतोय, इथवर ऐकू येतं.
पाच नळ्यांच्या तळाशी जे साचलंय
ते तेरा गाड्या नाही, गुंजेच्या टरफलाइतकंही नाही.
अम्लराज ओतला की तेही विरघळेल.
बाकीच्या पाच धुतल्या.
या खिडकीत राहू दे रात्रभर.
उद्या धुवीन.
नळ्या तशाही कमी आहेत आपल्याकडे.